मोटारीतील ध्वनिमुद्रित संगीत

मोटारप्रवासात ऐकावयाच्या ध्वनिमुद्रित गाण्यांची निवड, रूपांतर, क्रमवारी व नामनोंद करून ती मोटारीतील ध्वनिसंचाला वाचता येतील अशा रूपात साठविण्याची रीत. ध्वनिमुद्रिका व ध्वनिफिती यांच्या काळात ही कामे मुख्यतः उत्पादक कंपन्या करीत. संगणकीय फाइली प्रचारात आल्यावर ती श्रोत्याकडे किंवा गावातील दुकानदाराकडे आली. त्यामुळे गाण्यांचा क्रम व त्यांच्या कर्त्यांची नावे टिकणे हे या तयारीवर अवलंबून राहू लागले.

पूर्वेतिहास : भारतात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्ता येथे गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. तबकड्यांच्या प्रती जर्मनीत हॅनोव्हर येथे निघत. तेथील कामगारांना गायिका ओळखता यावी, हा त्यामागील हेतू मानला जातो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या २५ सेंमी. व्यासाच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटे चाले. तासभर रंगणारा ख्याल किंवा रंगभूमीवर वारंवार ‘वन्स मोअर’ घेणारे नाट्यपद तेवढ्या वेळात बसवावे लागे. अब्दुल करीमखाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर इत्यादींच्या अशा ध्वनिमुद्रिका महाराष्ट्रात लोकप्रिय झाल्या.

हादऱ्यांमुळे तबकडी मोटारीत वाजविणे अवघड होते. तेथे प्रथम रेडिओ आला. अमेरिकेत गॅल्व्हिन कंपनीने १९३० मध्ये तो ‘मोटोरोला’ या नावाने विक्रीस आणला. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट प्रचारात आणली आणि पुढे आपल्या पसंतीची गाणी सोबत नेणे प्रवाशाला शक्य झाले. १९८० नंतर भारतात स्वस्त कॅसेटींचा प्रसार होऊन भक्तिगीते, भीमगीते व लोकगीते मालमोटारींतून व जीपगाड्यांतून ऐकू येऊ लागली.

फाइलीचे स्वरूप : १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांत, दोन वाहिन्यांवर नोंदविलेले असतात. त्यास मिनिटाला सुमारे १०·६ मेगाबाइट जागा लागते. एमपी-३ ही पद्धती १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या विकासात जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा होता. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा ध्वनी कमी अचूकतेने नोंदवून या पद्धतीत जागा वाचवितात. सेकंदास १२८ किलोबिट या दराने फाइल मूळच्या सुमारे एक-अकरांश होते. दर फार उतरविल्यास तंबोऱ्याच्या जवारीतील वरचे सूक्ष्म ध्वनी व झांजेचा तीक्ष्णपणा यांची हानी होते. एकदा गळालेला अंश दर वाढवून परत मिळत नाही. एमपी-३ वरून पुन्हा एमपी-३ केल्यास आणखी घट होते. म्हणून रूपांतर मूळ सीडीवरून करणे इष्ट असते. नुसती प्रत काढल्याने मात्र दर्जा घटत नाही. चालत्या मोटारीच्या आवाजात मंद आलाप बुडून जातो, यास्तव जुन्या व नव्या मुद्रणांची ध्वनिपातळी शक्य तितकी सारखी करून ठेवतात.

क्रम व नामनोंद : ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झाले. त्यातील ५६ गीतांचा क्रम हाच कथेचा क्रम आहे. फाइलींना १, २, ३ असे आकडे दिल्यास अनेक संच १ नंतर १० घेतात व कथा विस्कटते; ०१, ०२ असे आकडे दिल्यास ती सलग राहते. काही संच फाइली पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवितात. तेथे त्या एकेक करून भराव्या लागतात. पुष्कळ संच पेनड्राइव्हची केवळ फॅट-३२ ही मांडणीच वाचू शकतात.

१९९६ मध्ये योजलेल्या आयडी-३ या नामनोंदीत शीर्षक, कलावंत व संग्रह यांना प्रत्येकी ३० अक्षरांची जागा होती. तीत देवनागरीची सोय नव्हती, तसेच गीतकार व संगीतकार यांचे रकानेही नव्हते. पुढील आवृत्त्यांत युनिकोडमुळे देवनागरी नोंद शक्य झाली व हे रकानेही आले. देवनागरी टंक नसलेल्या संचावर मात्र अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. म्हणून फाइलीचे नाव रोमन लिपीत व आतील नोंद देवनागरीत, अशी दुहेरी सोय उपयुक्त ठरते.

आकाशवाणीवर निवेदक गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे सांगतो. पेनड्राइव्हवर हे काम नामनोंदीलाच करावे लागते. कल्याण–निर्मळ महामार्गावरील पाथरीसारख्या तालुक्याच्या गावांत विसाव्या शतकानंतर मोबाइलच्या दुकानांतून गाणी भरून घेण्याची प्रथा पडली. परवान्याविना केलेली अशी विक्री कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये हक्कभंग ठरते. शिवाय अशा फाइलींत पुष्कळदा ‘ट्रॅक ०१’ एवढीच नोंद उरते. प्रसिद्ध गायकांची नावे अन्यत्र मिळू शकतात. स्थानिक भजनी मंडळे, शाहीर व गोंधळी यांच्या कॅसेटींबाबत मात्र वेष्टनावरील मजकूर हाच बहुधा एकमेव आधार असतो. रूपांतराच्या वेळीच तो नामनोंदीत उतरविला नाही, तर गाणे राहते व गाणारा अज्ञात होतो.