रिकामा ऑर्केस्ट्रा

मी गातो. हे वाक्य आजवर मला तोंडाने कधी पुरे करता आलेले नाही. आमच्या घरात 'मी गा' एवढे म्हणेपर्यंत कुणीतरी दार लावून घेते. म्हणून ते इथे लिहून टाकले. त्यामुळे पुतण्याने "काका, आपण कराओके काढू या," असे म्हटले तेव्हा मी विरघळलोच. एक कॉम्प्युटर, दोन माइक, दोन स्पीकर आणि सदाशिव पेठेतली आमची रिकामी पडलेली पुढची खोली. गिऱ्हाइकाने यायचे, पडद्यावरचे शब्द वाचत गायचे आणि जाताना तासाचे पैसे मोजायचे. म्हणजे गाणाऱ्याने ऐकणाऱ्याला बिदागी द्यायची! ही प्रथा पुण्यात शंभर वर्षांपूर्वीच पडायला हवी होती.

"भांडवल तेवढं तुमचं," तो म्हणाला.

एकतीस वर्षे मी हिशेबखात्यात काढली आहेत. भांडवल म्हटले की माझा कंठ आपोआप मिटतो आणि पेन उघडते. "हे कायदेशीर आहे ना रे?"

"सगळेच गाणी इंटरनेटवरून उतरवून घेतात हो, काका."

"लक्ष्मी रस्त्यावर पुष्कळजण उलटे येतात. म्हणून तो दुहेरी झाला का?"

आणि मी फाइल उघडली. पहिल्या पानावर, अर्थातच, 'पूर्वपीठिका'.

पूर्वपीठिका जपानातली आहे. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' म्हणजे शेपूट छाटलेला ऑर्केस्ट्रा. १९६७ साली तोक्योच्या शिगेइची नेगिशी यांनी असे एक यंत्र बनवले होते. पण गाजले ते कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए यांचे. हे गृहस्थ मद्यालयांतून गाणाऱ्या गिऱ्हाइकांना वाद्यावर साथ करीत. एका कंपनीच्या साहेबांना सहलीत गायचे होते आणि इनोउएंना जाणे जमेना. तेव्हा त्यांनी साथ टेपवर भरून दिली. साहेब खूश! १९७१ साली इनोउएंनी अशी अकरा यंत्रे करवून भाड्याने दिली. १०० येनचे नाणे टाका आणि गा. पेटंट घ्यायचे मात्र राहून गेले. पुढे फिलिपिन्समध्ये रॉबर्टो देल रोसारिओ यांनी आपल्या यंत्राचे पेटंट ऐंशीच्या दशकात घेऊन ठेवले. इनोउएंना मिळाले २००४ चे इग नोबेल, आणि तेही शांततेचे. माणसांना एकमेकांना सोसायला शिकवले म्हणून. ही हकीगत मी हिला मोठ्याने वाचून दाखवली. "पारितोषिक ऐकणाऱ्यांना द्यायला हवं होतं," ती म्हणाली.

पुतण्याजवळ युक्ती तयार होती. स्टिरिओ गाण्यात गायकाचा आवाज बहुधा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. कॉम्प्युटरने एका बाजूतून दुसरी वजा केली की गायक उडतो. मी म्हटले, आमच्या काळच्या गाण्यावर करून दाखव. ते निघाले मोनो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, त्यामुळे वजाबाकीत गायक, तबला, बासरी सगळेच उडाले आणि बाकी शून्य. इतका खराखुरा रिकामा ऑर्केस्ट्रा जपानलाही साधला नसेल. आता नवी यंत्रे आवाज अचूक वेगळा काढतात म्हणे. पण वेगळा काढला तरी माल मूळ मालकाचाच.

आणि मालक एक नव्हे! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द वेगळे, चाल वेगळी आणि ध्वनिमुद्रण वेगळे. १९६० च्या 'जगाच्या पाठीवर'चेच घ्या. ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांचा. तो २०२० अखेर सरला. शब्द गदिमांचे. ते १९७७ मध्ये गेले. हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत. चाल सुधीर फडक्यांची. ते २००२ मध्ये गेले, म्हणजे २०६२ अखेर. एकाच गाण्याला तीन हप्त्यांत मोक्ष! तोवर ध्वनिमुद्रणासाठी कंपन्यांची किंवा त्यांच्या संस्थेची परवानगी, शब्द-चालीच्या जाहीर वापरासाठी १९६९ साली निघालेल्या आयपीआरएसचा परवाना, आणि पडद्यावर शब्द दाखवायचे तर तीही संमती निराळी.

"लग्नाला सूट आहे!" पुतण्या कलम वाचून ओरडला. आहे खरी. लग्नसमारंभाला आहे, आणि फुकट ऐकणाऱ्यांपुढे गाणाऱ्या हौशी मंडळालाही आहे. पण तासाचे पैसे घ्यायचे तर रोज कुणाचे लग्न लावणार?

फाइलमधले शेवटचे पान मला सर्वांत लांब वाटले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की गीतकार-संगीतकाराने सिनेमासाठी मोबदला घेऊन काम केले आणि करारात वेगळे काही नसले, तर हक्क निर्मात्याचा. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी कलावंतांची बाजू घेणारे टिपण जोडले. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीची कायद्यात सोय झाली ती २०१२ साली. पस्तीस वर्षे! आमच्या खात्यातसुद्धा फाइल एवढी रेंगाळत नसे.

परवाने आले. रीतसर विकत घेतलेल्या ट्रॅकांची चाचणी होती म्हणून माझ्या एका जुन्या मित्राला बोलावले. हे उमेदीत ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवीत आणि मधूनमधून मुंबईला ध्वनिमुद्रणालाही जात. तिसरे गाणे लागले. मी माइक घेऊन घसा खाकरला, तोच त्यांनी हात वर केला. "थांब. हा मीच आहे."

मी थांबलो. पडद्यावर शब्द रंगत गेले. त्यांची बोटे मांडीवर चालत होती. पडद्यावर गायकाचे नाव होते, सिनेमाचे होते, कंपनीचे होते. "गाणारा गेला आणि मी राहिलो की रे!" ते हसून म्हणाले.

"याचे काय मिळाले होते?"

"त्या दिवसाचे पैसे. आणि येताना डेक्कन क्वीनमध्ये बसायला जागा."

मी फाइल चाळली. वादकांचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. त्यांचे वाजवणे त्याआधीचे. कलम कुठलेच लागेना. इतके सगळे कायदेशीर करून मला प्रथमच थोडे अपराधी वाटले.

आता दारावर पाटी आहे: 'दुपारी १ ते ४ बंद. रात्री १० नंतर कृपया घरी गावे.' परवान्याचे पैसे वजा जाता फायदा फार नाही. शनिवारी मात्र संध्याकाळी एक तास कॉम्प्युटर बंद असतो. मित्र अकॉर्डियन घेऊन बसतात आणि गिऱ्हाईक जिवंत साथीवर गाते. पुतण्या आधी कुरकुरला, पण शनिवारचीच गर्दी जास्त. मित्र पैसे घेईनात, म्हणून मी व्हाउचर पुढे केले. हिशेब म्हणजे हिशेब.

सही करताना ते थबकले. "तारीख आजचीच घालू ना?"

"आजचीच."

"बरं," ते म्हणाले, "मागच्या चाळीस वर्षांची थकबाकी मग पुढच्या शनिवारी बघू."