चंडीगडचा ध्रुव आणि भास्कराचार्यांचे आकाश

पुण्याहून नोकरीनिमित्त चंडीगडला आलेल्या माणसाला इथले आकाश प्रथम किंचित परके वाटते. सुखना तलावाच्या बांधावरून उत्तरेकडे पाहिले, की शिवालिकाच्या टेकड्यांवर ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे ३१ अंश उंच दिसतो. पुण्यात तो साडेअठरा अंशांवर असे. उलट, पुण्याच्या दक्षिण आकाशात जवळजवळ १९ अंश चढणारा अगस्त्य इथे साडेसहा अंशांपलीकडे येत नाही. बहुधा घरांच्या आडच राहतो. पृथ्वी गोल आहे, याचा एवढा घरगुती पुरावा दुसरा नाही.

भास्कराचार्यांनी हाच पुरावा गणितात मांडला. इ. स. ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. दक्षिणोत्तर असलेल्या दोन नगरांमधील अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतील फरक ठाऊक असला, की त्रैराशिकाने पृथ्वीचा परिघ निघतो, असे ते सांगतात. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर आहे. त्या अंतराची सोळा पट केली की झाले पृथ्वीचे मान. मग ते त्याहून अफाट का सांगितले जाते, असा रोखठोक प्रश्नही ते विचारतात. त्यांनी परिघ धरला ४९६७ योजने. पृथ्वीला आधार कोणाचा, या शंकेलाही त्यांचे उत्तर तसेच सरळ आहे: आधाराला आधार शोधीत गेले तर अंत नाही; शेवटी कोणीतरी स्वशक्तीने राहतो असे मानायचे, तर ते पृथ्वीविषयीच का मानू नये?

पण मला अधिक मोह पडतो तो त्यांच्या आकाशकक्षेचा. चंद्राच्या कक्षेचा परिघ ३,२४,००० योजने. त्याला एका कल्पातील चंद्राच्या फेऱ्यांनी गुणले, की १,८७,१२,०६,९२० कोटी योजने येतात. पूर्वसूरींपैकी काहींनी हाच ब्रह्मांडाचा घेर मानला होता. भास्कराचार्य म्हणतात, ब्रह्मांड एवढे असो वा नसो. प्रत्येक ग्रह एका कल्पात एवढी योजने चालतो, इतकेच आमचे मत. आकड्याखाली अशी शंका नोंदविण्याचे धैर्य आम्हा कचेरीतल्या माणसांना क्वचितच होते!

पृथ्वीचा परिघ ४०,००० किलोमीटर धरला, तर त्यांचे योजन सुमारे ८ किलोमीटरांचे ठरते. त्या मापाने ही अवाढव्य कक्षा सुमारे १६,००० प्रकाशवर्षांच्या घेराची. म्हणजे तिची त्रिज्या २,५०० प्रकाशवर्षे. आपल्या आकाशगंगेचे केंद्रच आपल्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना पुसट ठिपक्यासारखी दिसणारी देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर. आणि २०१७ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’तील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह दीर्घिकांचा जो महासमूह शोधून त्यास ‘सरस्वती’ असे नाव दिले, तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा जो प्रकाश त्यांना दिसला, तो निघाला तेव्हा आपली पृथ्वी अजून तरुण होती.