पैनगंगेच्या दोन काठांचा पैसा : दवाखाना आणि हवामानाचा निधी राज्याच्या सीमेवर कुठे अडतो?

नेरडीगोंडा (जि. आदिलाबाद) : राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, निर्मल आणि आदिलाबादच्या मध्ये नेरडीगोंडा हे मंडलाचे गाव आहे. इथून दक्षिणेला हैदराबाद आणि उत्तरेला नागपूर, दोन्ही अंतरे जवळपास सारखीच, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. घरात मोठं दुखणं आलं की गाडी कोणीकडे वळवायची हा पहिला प्रश्न. पूर्वी तो नातेवाईक कुठे आहेत आणि डॉक्टरशी कोणत्या भाषेत बोलता येईल यावर सुटायचा. आता खिशात कोणतं कार्ड आहे, हे आधी पाहावं लागतं.

ही सीमा तशी जुनी नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. त्या दिवशी ते मुंबई राज्यात गेले. आज किनवट नांदेडमध्ये आहे, राजुरा चंद्रपूरमध्ये. सोयरीक, बाजार, जत्रा, काळी जमीन आणि कापूस तसाच राहिला. वेगळी झाली ती तिजोरी. पुढे ११ ऑक्टोबर २०१६ ला आदिलाबादचेही चार जिल्हे झाले, म्हणजे कचेऱ्या आणखी वाटल्या गेल्या.

कोणतं कार्ड कुठे चालतं?

सीमाभागात तीन योजनांची गल्लत नेहमी होते, म्हणून त्या वेगवेगळ्या समजून घेतलेल्या बऱ्या.

पहिली आरोग्यश्री. संयुक्त आंध्र प्रदेशात २००७ मध्ये ती सुरू झाली. तेलंगणाने ९ डिसेंबर २०२३ पासून तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला १० लाख रुपये केली. रक्कम मोठी आहे, पण पैसा तेलंगणाच्या तिजोरीतला आणि नोंदलेले दवाखाने मुख्यतः तेलंगणातले. नेरडीगोंड्याचा माणूस नागपूरच्या खासगी दवाखान्यात हे कार्ड घेऊन गेला, तर १० लाखांचा आकडा कामाला येईलच असं नाही.

दुसरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ ला ती ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने सुरू झाली होती. मर्यादा आधी दीड लाख होती, ती आता ५ लाख आहे आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना ती लागू केली आहे. अट महाराष्ट्राच्या रहिवासाची. घरात मराठी बोलतात एवढ्यावर ती मिळत नाही.

इथे एक अपवाद आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये हीच योजना कर्नाटकातल्या १२ तालुक्यांतील ८६५ गावांच्या मराठी भाषकांना लागू केली, त्यासाठी ५४ कोटी रुपयांची तरतूद केली. कर्नाटकने लगेच हरकत घेतली. जानेवारी २०२४ मध्ये बेळगावच्या प्रशासनाने या योजनेची केंद्रे बंदही केली. आदिलाबादच्या मराठी माणसाने विचारावं, आम्ही का नाही? उत्तर सरळ आहे. ती ८६५ गावे महाराष्ट्राच्या दाव्यातली आहेत. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आदिलाबादबाबत असा दावा नाही. म्हणजे निधी आजाराच्या गरजेवर गेला नाही, नकाशाच्या भांडणावर गेला. ज्या सीमेवर भांडण नाही, तिथे निधीही नाही.

याच्या अगदी उलट चित्र पूर्वेला, जिवती आणि केरामेरीच्या मधल्या वादग्रस्त गावांत दिसतं. मुकदमगुडा, परमडोली आणि आजूबाजूच्या गावांवर दोन्ही राज्यांचा हक्क सांगितला जातो. तिथे लोकांकडे दोन रेशनकार्डं, दोन मतदार याद्यांत नावं, गावात दोन शाळा. एकीकडे सगळं दुप्पट आणि पलीकडच्या मंडलात दवाखान्याचं एक कार्डही सीमेपार चालत नाही.

तिसरी योजना केंद्राची. आयुष्मान भारत २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, तेलंगणा त्यात २०२१ मध्ये आला. सीमाभागासाठी तिच्यातली खरी कामाची गोष्ट म्हणजे ‘पोर्टेबिलिटी’. केंद्राच्या यादीत नाव असलेलं कुटुंब दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीकृत दवाखान्यात ५ लाखांपर्यंत उपचार घेऊ शकतं आणि त्या दवाखान्याचं बिल रुग्णाचं स्वतःचं राज्य भरतं. बँकांचं क्लिअरिंग असतं ना, तसंच. पण नाव केंद्राच्या यादीत हवं. राज्याने आपल्या पैशातून जी कुटुंबं वाढवून घेतली, त्यांना हा हक्क आपोआप मिळत नाही. कार्ड दिसायला तेच असतं, म्हणून फसगत होते. निघण्याआधी १४५५५ या केंद्राच्या हेल्पलाइनवर दोन गोष्टी विचाराव्यात : आपलं कुटुंब परराज्यात पात्र आहे का आणि तो दवाखाना त्याच आजारासाठी नोंदलेला आहे का. आरोग्यश्रीसाठी १०४ आणि महाराष्ट्राच्या योजनेसाठी १५५३८८ हे क्रमांक आहेत.

उलट दिशेची वाहतूकही कमी नाही. किनवट, माहूर, पांढरकवडा भागातले रुग्ण आदिलाबादच्या ‘रिम्स’मध्ये येतात. तिथलं सुपरस्पेशालिटी रुग्णालय १५० कोटींचं. त्यात केंद्राचे १२० कोटी आणि तेलंगणाचे ३०. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत केसपेपर काढताना राज्य आडवं येत नाही, हे चांगलंच आहे. पण पलीकडून किती रुग्ण येतात हे धरून खाटा, डॉक्टर आणि औषधांचा पैसा वाढवून द्यायला कोणतंही लेखाशीर्ष नाही. महाराष्ट्र त्यात वाटा देत नाही आणि तेलंगणा मागतही नाही.

पाण्यात जमलं, ते बाकी ठिकाणी का नाही?

दोन राज्यांना खर्च वाटून घेता येत नाही असं कुणी म्हणेल, तर पैनगंगाच त्याला खोटं पाडते. निम्न पैनगंगा प्रकल्पाचा करार १९७५ चा. ४२.६७ टीएमसी पाण्यापैकी ५.१२ टीएमसी तेव्हाच्या आंध्रचे, म्हणजे ८८ आणि १२ टक्के असं प्रमाण ठरलं. बुडिताच्या प्रश्नावरून आणि वाढत्या खर्चामुळे हा प्रकल्प रखडत राहिला ही गोष्ट निराळी. पण हिशेबाचं सूत्र पन्नास वर्षांपूर्वी लिहून झालेलं आहे. त्यानंतर मार्च २०१६ मध्ये दोन्ही राज्यांनी आंतरराज्य मंडळ नेमायचं ठरवलं आणि २३ ऑगस्ट २०१६ ला मुंबईत देवेंद्र फडणवीस आणि के. चंद्रशेखर राव यांच्या उपस्थितीत मेडीगड्डा, तुम्मिडीहट्टी आणि चनाखा-कोरटा या बंधाऱ्यांचे करार झाले. चनाखा-कोरटा पैनगंगेवरच आहे. एक गाव यवतमाळचं, दुसरं आदिलाबादचं.

हवामानाच्या निधीत मात्र असं काही नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, लोकांच्या भाषेत ‘पोकरा’, २०१८ मध्ये सुरू झाला. पहिला टप्पा सुमारे ४ हजार कोटींचा, त्यातले ७० टक्के जागतिक बँकेचं कर्ज. शेततळी, ठिबक, बदलत्या पावसाला टिकणारी शेती यासाठी हा पैसा. १५ जिल्ह्यांच्या यादीत यवतमाळ आणि नांदेड होते. नदी ओलांडून जैनथ, बेला मंडलांत आलं की माती तीच, कापूस तोच, पावसाचा खंडही तोच, पोकरा नाही.

केंद्राचा राष्ट्रीय हवामान बदल अनुकूलन निधी २०१५ चा, अंमलबजावणी नाबार्डकडे. त्यातून ३० प्रकल्पांना ८४७ कोटी मंजूर झाले. तेलंगणाच्या वाट्याचा प्रकल्प महबूबनगरला गेला. अनेक राज्यांनी मिळून केलेला प्रकल्प या निधीत झालाच नाही असंही नाही : पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानात पिकांचे अवशेष न जाळण्यासाठी झाला. त्या धुराने दिल्लीचा श्वास कोंडतो. पैनगंगेचा पूर दिल्लीपर्यंत जात नाही.

पूर मात्र इथे येतोच. जुलै २०२३ मध्ये पैनगंगेचं पाणी चढलं आणि डोल्लारा पुलाजवळ महामार्ग ४४ ची वाहतूक थांबवावी लागली. अशा वेळी नागपूरकडे निघालेली रुग्णवाहिका आणि पुरात बुडालेलं शेत हे दोन वेगळे विषय राहत नाहीत. वर इसापूर धरणातून किती पाणी सुटलं, हे खालच्या दोन्ही काठांच्या गावांना एकाच वेळी आणि आपल्या भाषेत कळणं, ही हवामान अनुकूलनातली सगळ्यात स्वस्त बाब आहे. (एका राज्यातली नदी असली की सगळं सुरळीत होतं असं मात्र नाही. नेरडीगोंड्याजवळ कुंटाला धबधब्यावरून जाणारी कडेम नदी पुढे ज्या धरणात जाते, तिथे जुलै २०२२ मध्ये दरवाजांच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त पाणी आलं होतं.)

उन्हाचंही तसंच. इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात केंद्राच्या आपत्तींच्या यादीत उष्णतेची लाट नव्हती. तेलंगणाने एप्रिल २०२५ मध्ये ती राज्याची आपत्ती ठरवली आणि मृताच्या कुटुंबाला ४ लाखांची मदत ठेवली. सीमाभागात मजूर कापसाच्या हंगामात इकडून तिकडे जातात. मदत कोणत्या राज्याकडे मागायची, हे मृत्यू कुठे नोंदला यावर येऊन ठेपतं.

बसायला टेबलच वेगळं

‘सीमाभाग’ म्हटलं की केंद्राच्या कागदावर परदेशाची सीमा येते. सीमाक्षेत्र विकास कार्यक्रम १९८६-८७ पासून आहे, पण तो फक्त आंतरराष्ट्रीय सीमेसाठी. राज्याराज्यांतल्या सीमेसाठी १९५६ च्या कायद्याने विभागीय परिषदा दिल्या. त्यात महाराष्ट्र पश्चिम परिषदेत, तेलंगणा दक्षिण परिषदेत. गोवा आणि गुजरातबरोबर महाराष्ट्र नियमाने बसतो. पैनगंगेपलीकडच्या शेजाऱ्याबरोबर त्याला तसं बसायला मिळत नाही.

युरोपात हा प्रश्न पैशाने सोडवला. ‘इंटररेग’ हा निधी १९९० पासून फक्त सीमेपलीकडच्या सहकार्यासाठी आहे. २०२१ ते २०२७ साठी त्यात सुमारे ८०० कोटी युरो आहेत. पूर, दुष्काळ, दवाखाने सगळं त्यात बसतं. अट एकच : अर्ज सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिळून करायचा. त्याच पद्धतीच्या युरोपीय निधीतून स्पेन आणि फ्रान्सच्या डोंगराळ सीमेवर सेर्दान्या इथे दोन्ही देशांचं एक रुग्णालय उभं राहिलं. खर्च ३.१ कोटी युरो, त्यातले ६० टक्के युरोपीय निधीचे. चालवण्याचा खर्च कॅटलोनिया ६० आणि फ्रान्स ४० टक्के उचलतो. २०१४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा फ्रेंच आईबापांच्या बाळाची जन्मनोंद कुठे करायची इथपासून अडचणी आल्या. त्या एकेक करून सोडवल्या, रुग्णालय बंद ठेवलं नाही.

आज काय मिळू शकतं?

गरोदर बाईचं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या, हे इथे घरोघरी आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात १ जून २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि जेवण मोफत आहे. त्यासाठी राज्याचं कार्ड लागत नाही. मात्र माता-बाल कार्ड सोबत न्यावं, नाहीतर तपासण्या पहिल्यापासून कराव्या लागतात.

सिकलसेलचं तसंच. गोंड, परधान, कोलाम वस्त्या दोन्हीकडे आहेत, लग्नंही दोन्हीकडे होतात. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करून कार्ड द्यायचं आहे. मुलगा आणि मुलगी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक. लग्न ठरवताना बोथची मुलगी आणि किनवटचा मुलगा यांची ही दोन कार्डं शेजारी ठेवून पाहावीत. तपासणी दोन्ही राज्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते.