खिशातला व्हिडिओ आणि टेबलावरचा कारखाना

मोबाइलवर व्हिडिओला बोट लागतं आणि तो सुरू होतो. मुशायऱ्याचं चित्रीकरण असो, लग्नाची क्लिप असो की दहावीच्या भूमितीचा तास, आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण ती फाइल म्हणजे घट्ट आवळून बांधलेलं गाठोडं असतं. ते सोडवायचं, चित्र आणि आवाज वेगळे करायचे आणि दोघांना एका तालावर आणून पडद्यावर मांडायचं, हे काम एक मल्टिमीडिया लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे. कोणत्याही अॅपने उचलून वापरावा असा तयार प्रोग्रामांचा तो संच असतो. जगात सगळ्यात जास्त पसरलेल्या अशा संचांपैकी एकाचं नाव आहे एफएफएमपेग. मोबाइलमध्ये चालणारी ही लायब्ररी सहसा मोबाइलवर तयार होत नाही. ती कुणाच्या तरी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तयार होते आणि मग मोबाइलमध्ये जाते. या पद्धतीला क्रॉस-कंपाइल म्हणतात.

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणं म्हणजे कंपाइल करणं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे मला हा सरळसरळ तर्जुमा वाटतो. नेहमीच्या कंपाइलमध्ये कॉम्प्युटर स्वतःच्याच भाषेत तर्जुमा करतो आणि लगेच वाचून बघतो. क्रॉस-कंपाइलमध्ये तो अशा भाषेत तर्जुमा करतो, जी त्याला स्वतःला बोलता येत नाही. हाताशी व्याकरण असतं, कोश असतो. पण वाक्य बरोबर उतरलं की नाही, हे किताब दूरच्या वाचकाच्या हातात पडेपर्यंत कळत नाही.

ही रीत मोबाइलपेक्षा खूप जुनी आहे. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो यानातल्या कॉम्प्युटरची कायमस्वरूपी स्मृती ३६,८६४ शब्दांची होती आणि खोडून पुन्हा लिहिता येणारी फक्त २,०४८ शब्दांची. एवढ्याशा डोक्यात प्रोग्राम तयार करण्याची सोय कुठून असणार? ते काम अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत मोठ्या कॉम्प्युटरवर झालं. मग रेथिऑनच्या कारखान्यात बायकांनी हाताने तारा विणून ते प्रोग्राम स्मृतीत बसवले. तार कड्याच्या आतून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. चंद्रावर पोचलेला प्रोग्राम अक्षरशः विणलेला होता.

त्याच १९६९ साली बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन पीडीपी-७ नावाच्या जुन्या, फारसं कुणी वापरत नसलेल्या कॉम्प्युटरवर काम करत होता. त्या यंत्रावर प्रोग्राम घडवण्याची धड सोय नव्हती. म्हणून तो दुसऱ्या मोठ्या यंत्रावर पीडीपी-७चा कोड तयार करायचा, तो कागदी पट्टीवर भोकं पाडून उतरवायचा आणि ती पट्टी हातात घेऊन पीडीपी-७पर्यंत चालत जायचा. काही काळाने त्याने पीडीपी-७साठीच असेंब्लर लिहिला आणि ते यंत्र स्वतःच्या पायावर उभं राहिलं. युनिक्सचा जन्म असा झाला. आजच्या अँड्रॉइडच्या पोटात असलेलं लिनक्स त्याच घराण्याच्या वळणावर घडलेलं आहे.

१९७५ची गोष्ट आणखी धिटाईची आहे. अल्टेअर हा छोटा कॉम्प्युटर पॉल अॅलन आणि बिल गेट्स यांनी अजून हाताळलाही नव्हता. अॅलनने हार्वर्डच्या पीडीपी-१० कॉम्प्युटरवर अल्टेअरच्या ८०८० चिपची नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला. त्या नकलेवर विसंबून दोघांनी माँटी डेव्हिडॉफच्या मदतीने बेसिक ही भाषा तयार केली. कागदी पट्टी घेऊन अॅलन विमानाने अल्बुकर्कला गेला. पट्टी यंत्रात वाचवून घेणारा छोटा प्रोग्राम लिहायचा राहिला होता, तो त्याने विमानात बसून लिहिला. तरी यंत्राने प्रतिसाद दिला. वाचकाचं तोंडही न बघता केलेला तर्जुमा पहिल्याच भेटीत समजला!

आता मोबाइलकडे येऊ. जवळपास प्रत्येक मोबाइलच्या चिपला एआरएमची भाषा येते. ती इंग्लंडमधल्या केंब्रिज गावी एकॉर्न नावाच्या कंपनीत जन्माला आली. सोफी विल्सन यांनी तिच्या आज्ञा ठरवल्या आणि चिप हातात येण्याआधी बीबीसी बेसिकमध्ये त्यांची नक्कल चालवून पाहिली. स्टीव्ह फर्बर यांनी चिपची रचना केली. पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी हाती आली. तिचा मोठा गुण म्हणजे विजेची भूक अगदी कमी. पुढे बॅटरीवर चालणारी यंत्रं आली तेव्हा हाच गुण कामी आला. टेबलावरच्या बहुतेक कॉम्प्युटरांची भाषा मात्र इंटेलची, एक्स८६. खिसा आणि टेबल अशा दोन वेगळ्या बोली बोलू लागले.

एफएफएमपेग फ्रान्समध्ये सुरू झालं. फाब्रिस बेलार याने २००० साली ते लिहायला घेतलं, तेही स्वतःच्या नावाने नव्हे, तर जेरार लांतो या टोपणनावाने. याच माणसाने पुढे क्यूईएमयू लिहिलं, जे एका भाषेच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या भाषेचे प्रोग्राम चालवून दाखवतं. अँड्रॉइडचा एम्युलेटर त्यावरच उभा राहिला. म्हणजे डेस्कटॉपवर मोबाइलसाठी तयार केलेली लायब्ररी डेस्कटॉपवरच चालवून बघायची असेल, तर दोन्ही टोकांना एकाच माणसाची मेहनत भेटते. शहरोशहरी त्याचे फलक लागलेले नाहीत. बऱ्याच इंजिनियरांनाही त्याचं नाव विचारलं तर सांगता येत नाही.

सुरुवातीला ही लायब्ररी मोबाइलमध्ये शिरलीच नव्हती. तेव्हाचा उपाय उलटा होता. मोबाइलला व्हिडिओ कळत नसेल तर व्हिडिओच त्याच्या मापाचा करायचा. स्टेशनाबाहेर, बसस्टँडजवळ मेमरी कार्ड भरून देणारी दुकानं आठवत असतील. एक कॉम्प्युटर, एक कार्ड रीडर आणि बाकावर वाट बघणारे चार जण. तिथे सिनेमे आणि गाणी थ्रीजीपी साच्यात, अनेकदा १७६ बाय १४४ ठिपक्यांच्या चौकटीत बसवून कार्डात टाकली जायची. ते रूपांतर करणाऱ्या बऱ्याच फुकट सॉफ्टवेअरच्या पोटात एफएफएमपेगच असायचं. दुकानदाराला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

ऑक्टोबर २००८मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला. त्याची चिप ५२८ मेगाहर्ट्झची होती. अॅप जावा भाषेत लिहायची होती आणि एफएफएमपेग तर सी भाषेत, त्यात वेगासाठी जागोजागी थेट चिपच्या बोलीत लिहिलेले तुकडे. जून २००९मध्ये गूगलने एनडीके नावाचा अवजारांचा संच दिला. त्यात डेस्कटॉपवर बसून एआरएमचा कोड काढणारा कंपाइलर होता. दार उघडलं. मग जगभरच्या हौशी आणि पोटासाठी काम करणाऱ्या लोकांचा खटाटोप सुरू झाला.

पहिली अडचण अशी, की कंपाइल करण्याआधी प्रोग्राम आजूबाजूला बघतो. हे काम येतं का, ती सोय आहे का, हे तपासायला अनेक प्रोग्राम एक इवलीशी चाचणी तयार करून तिथल्या तिथे चालवतात. क्रॉस-कंपाइलमध्ये ती चाचणी मोबाइलच्या बोलीत निघते आणि डेस्कटॉपवर चालतच नाही. म्हणून सगळं आधी सांगावं लागतं: चिप कुठली, प्रणाली कुठली, मोबाइलच्या मूळ लायब्ऱ्या आणि त्यांची माहिती कुठल्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. त्या फोल्डरला सिसरूट म्हणतात. इथे चूक झाली तर कंपाइलर मुकाट्याने डेस्कटॉपच्याच फाइली उचलतो. मग कधी लगेच चुकांची लांबलचक यादी येते, कधी सगळं सुरळीत पार पडल्यासारखं दिसतं आणि फोनवर अॅप उघडताच बंद पडतं. शिवाय तयार होताना लायब्ररीला काही छोटे मदतनीस प्रोग्राम लागतात आणि ते डेस्कटॉपवर चालायला हवेत. म्हणून एकाच कामात दोन कंपाइलर, एक टेबलासाठी आणि एक खिशासाठी.

अँड्रॉइडच्या स्वतःच्या तऱ्हा वेगळ्याच. लिनक्सवर लायब्ररीच्या फाइलच्या नावाला शेवटी आवृत्तीचा आकडा लागतो. अँड्रॉइडच्या अॅपला असं नाव चालत नसे, त्याला 'एसओ'वर संपणारं नाव हवं. एवढ्यासाठी लोकांनी एफएफएमपेगच्या मांडणीच्या फाइलमधल्या काही ओळी हाताने बदलल्या. वर्षानुवर्षं ही क्लृप्ती एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, आजीच्या बटव्यातल्या औषधासारखी.

चिपांमध्येही जाती होत्या. एआरएमच्या नव्या चिपांमध्ये निऑन नावाची जोड होती. ती एका झटक्यात अनेक ठिपक्यांचं गणित करते, व्हिडिओला हेच हवं असतं. पण एनव्हिडियाच्या टेग्रा २ चिपमध्ये निऑन नव्हतं. निऑन गृहीत धरून तयार केलेली लायब्ररी तिथे चालू शकत नव्हती. २०१२मध्ये व्हीएलसीचं अँड्रॉइड अॅप चाचणीसाठी आलं तेव्हा ते निऑनवाल्या फोनांपुरतंच होतं. एमएक्स प्लेयरने वेगळा मार्ग घेतला. प्रत्येक जातीच्या चिपसाठी वेगळा कोडेक संच. 'एआरएमव्ही७ निऑन कोडेक टाका' अशा अर्थाची सूचना त्या काळात पुष्कळांनी पाहिली असेल आणि अर्थ न कळता होकारही दिला असेल.

एफएफएमपेगची मंडळी अधिकृतपणे फक्त सोर्स कोड देतात, तयार प्रोग्राम देत नाहीत. परवाना एलजीपीएल, त्याचे काही भाग जीपीएल. म्हणजे घ्या, वापरा, बदला. पण लायब्ररीत केलेले बदल लोकांना द्या आणि ती बदलून स्वतःची बसवण्याची वाट अडवू नका. कागदावर ही फार उदार इजाजत आहे. पण ज्याला कंपाइल करता येत नाही, त्याच्या हातात ती निव्वळ वाचायची चिठ्ठी असते. एमएक्स प्लेयरच्या बाबतीत या इजाजतीचा कस लागला. परवान्यांच्या कारणाने त्यातून डीटीएस आणि एसी-३ या आवाजाच्या प्रकारांचे डीकोडर काढले गेले. लोकांच्या फोनवर सिनेमा दिसत होता, ओठ हलत होते, आवाज नाही. मात्र एफएफएमपेगच्या परवान्यामुळे त्यातला बदललेला कोड उपलब्ध होता आणि अॅपमध्ये बाहेरचा कोडेक जोडण्याची सोय होती. काही लोकांनी आपापल्या डेस्कटॉपवर तो कोड क्रॉस-कंपाइल केला, काढलेले डीकोडर पुन्हा जोडले आणि तयार फाइली वाटल्या. पेटंटचा प्रश्न त्याने सुटला नाही, हेही खरं. तरी मुके झालेले सिनेमे बोलू लागले, ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे.

आयफोनवर हाच परवाना आडवा आला. व्हीएलसी २०१० साली अॅपलच्या दुकानात आलं आणि जानेवारी २०११मध्ये निघालं. अॅपलच्या दुकानाच्या अटी आणि जीपीएल यांचं जमत नव्हतं आणि तक्रार खुद्द व्हीएलसी लिहिणाऱ्यांपैकी एकाने केली होती. मग मंडळींनी अनेक लेखकांची संमती गोळा करून परवाना बदलला आणि २०१३च्या जुलैमध्ये अॅप परत आलं. तक्रार करणारा अतिरेकी होता असं काहींचं मत होतं. मला तसं वाटत नाही. ज्याने लिहिलं, त्याला आपल्या अटी पाळल्या जाव्यात असं वाटणारच.

उर्दू-मराठी वाचकाने लक्षात घ्यावी अशी गोष्ट पडद्याच्या तळाशी आहे, सबटायटलमध्ये. ती व्हिडिओवर नीट उमटवायची तर एफएफएमपेगच्या आधी आणखी लायब्ऱ्या मोबाइलसाठी कंपाइल कराव्या लागतात: फ्रीटाइप, फ्रिबिडी, हार्फबझ आणि त्यांच्यावर उभी असलेली लिबास. क्रम चुकला की पुढचं पाऊल पडत नाही. फ्रिबिडी उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर मांडते. उर्दू ओळीत मध्येच इंग्रजी शब्द किंवा आकडा आला तर काय करायचं, ते तिला कळतं. ती इस्रायलच्या डोव्ह ग्रोबगेल्डने सुरू केली आणि नंतर इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोदने सांभाळली. याच बेहदादच्या हार्फबझमध्ये 'हर्फ' आहे, आपल्या ओळखीचा, आणि 'बाज' म्हणजे फारसीत उघडा; ओपनटाइप या फॉन्टच्या साच्याचं ते फारसी रूप. नस्तालीकची उतरती वळणं हीच लायब्ररी जुळवते आणि देवनागरीची जोडाक्षरंही. ती वगळून तयार केलेल्या जुन्या प्लेयरांमध्ये मराठी सबटायटलमधला 'क्ष' फुटायचा, वेलांटी भलत्या जागी जायची. दोष फॉन्टचा आहे असं समजून लोक फॉन्ट बदलत बसायचे. अमुक भाग घ्यायचा की गाळायचा, हा निर्णय कुठल्या तरी टेबलावर एका ओळीत झालेला असतो आणि आपली लिपी शाबूत राहते की मोडते हे त्यावर ठरतं.

त्या टेबलावर कोण बसतं, याची मला काळजी आहे. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी मोबाइल आहे, कॉम्प्युटर नाही. त्यांना व्हिडिओ बघता येतो, कापता येतो, त्यावर गाणं चढवता येतं. ज्यावर हे सगळं चालतं ते घडवायला बसण्याची जागा त्यांना मिळालेली नाही. मोबाइल आला म्हणजे डिजिटल दरी मिटली, असं सभेत सांगणाऱ्यांना हा फरक दिसत नसावा. एक पळवाट आहे. टर्मक्स नावाचं फुकट अॅप अँड्रॉइडवर टाकलं तर फोनमध्येच सी कंपाइलर मिळतो आणि त्याने खुद्द एफएफएमपेगही फोनवर कंपाइल करता येतं. वेळ लागतो, फोन तापतो, कीबोर्ड अपुरा पडतो. तरी नववीतल्या एका मुलाने त्यात पहिला प्रोग्राम चालवून दाखवला तेव्हा तासाची घंटा होऊनही मुलं बाकावरून उठली नव्हती. त्याने विचारलं, 'सर, हा कंपाइलर फोनमध्ये कुणी बनवला?' टर्मक्सची ही पॅकेजं लिनक्सच्या मोठ्या कॉम्प्युटरांवर क्रॉस-कंपाइल होऊन येतात.