अंबरनाथचा शिलालेख आणि वालधुनीचे पाणी

वालधुनीच्या काठी असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचे वाचन ही आपल्या संशोधनेतिहासातील एक बोधप्रद घटना होय. डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातील वर्ष शके ७८२ असे वाचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असे वाचले व तेच मान्य झाले. एका अंकाने मंदिराचा काळ दोन शतके अलीकडे आला. लेखातील राजा शिलाहार माम्वाणी होय. कान्हेरीच्या शके ७९९ च्या लेखात मात्र त्याचा पूर्वज दुसरा कपर्दी आढळतो. अर्थात दुसरे वाचन इतर पुराव्याशीही जुळते. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले. परंतु निर्णय गुरूच्या अधिकाराने नव्हे, शिलेवरील अक्षरांनी झाला.

हीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून वाहत जाऊन कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात बेकायदा सोडलेल्या रसायनाच्या वायूमुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. दोष कारखान्यांचा की शहरी सांडपाण्याचा, या वादात दोन्ही पक्ष आकडे पुढे करतात.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा शिक्षणात सक्तीचा विषय करण्याचे निर्देश दिले. तथापि विषय अभ्यासक्रमात आला म्हणजे पुरावा पारखण्याची दृष्टी आली, असे नव्हे. ती शिलालेखाच्या अभ्यासकाप्रमाणेच कमवावी लागते. पाण्याचा नमुना बदलापूरच्या बंधाऱ्यावर घेतला असेल, तर तो वालधुनीविषयी काहीच सांगत नाही. कारण बंधारा उल्हास नदीवर, संगमाच्या बराच वर आहे. जैवरासायनिक प्राणवायूची मागणी कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचा भार दर्शविते. पाण्यातील जड धातू तिने कळत नाहीत. म्हणून केवळ त्या आकड्यावरून कारखान्यांना दोषी वा निर्दोष ठरविणे हे अपुऱ्या अक्षरांवरून वर्ष वाचण्यासारखे होय.

नमुना कोठला, केव्हाचा, मोजले काय आणि दुसऱ्यास तो पुन्हा तपासता येईल काय, हे प्रश्न वर्गातील वादापूर्वी विचारले गेले पाहिजेत. शिला नऊ शतके जागीच राहिली, म्हणून चूक सुधारता आली. नदीचे पाणी मात्र वाहून जाते; त्याची नोंद वेळीच व नीट झाली नाही, तर काठावरच्या माणसांची बाजू मांडण्यास पुरावाच उरत नाही.