इंजिनबदल : जुन्या मोटारींमधील

जुन्या मोटारीचे कार्बोरेटरवर चालणारे मूळ इंजिन उतरवून त्या जागी फ्युएल इंजेक्शनचे, म्हणजे संगणकाच्या हुकमाने मोजून पेट्रोल फवारणारे इंजिन बसवणे. पद्मिनी, अ‍ॅम्बेसिडर, काँटेसा आणि महिंद्राच्या पेट्रोल जीप या गाड्यांच्या बाबतीत हा विषय आपल्याकडे निघतो. प्रस्तुत नोंदीत तो वऱ्हाडच्या, मुख्यतः अकोला–पातूर–वाशीम पट्ट्याच्या अंगाने मांडला आहे. कारण या कामामागची सगळ्यात खरी निकड इथल्या उन्हात आहे.

पातूर हे अकोल्याच्या दक्षिणेस सुमारे ३० किमी अंतरावरचे, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ पातूरपर्यंत सपाटीने येतो आणि गाव सोडल्यावर मेडशीच्या दिशेने घाट चढू लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४–४५ अंशांवर जाणे नवे नाही. सपाटीवर तासभर तापलेली गाडी घाटात शिरते, गिअर खालचा पडतो, वेग कमी होतो, रेडिएटरमधून जाणारा वारा घटतो आणि बॉनेटखालची उष्णता वाढत जाते. कार्बोरेटरची गाडी अशाच वेळी आचके देऊन बंद पडते. इंजिन बिघडलेले नसते. पेट्रोलची वाफ झालेली असते.

पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५–४० अंशांच्या आसपासच उडू लागतात. जुन्या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप, ज्याला गॅरेजमध्ये ‘एसी पंप’ म्हणतात, तो इंजिनच्या ब्लॉकलाच बोल्टने आवळलेला असतो आणि कॅमशाफ्टच्या जोरावर चालतो. मागच्या टाकीतले पेट्रोल तो ओढून घेतो. ओढलेल्या नळीत दाब कमी, दाब कमी म्हणून उत्कलनबिंदू आणखी खाली, आणि वरून ब्लॉकची धग. नळीत वाफेचा फुगा धरला की पंप वाफच हलवत बसतो आणि कार्बोरेटरची वाटी कोरडी पडते. पंपावर ओले फडके गुंडाळून, बॉनेट उघडून, झाडाच्या सावलीत थांबणे हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय शास्त्राला धरूनच आहे. इंजेक्शनच्या गाडीत मात्र पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो, आणि तेही साधारण ३ बार दाबाने. वाढीव दाबामुळे पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. परतीची नळी असलेल्या रचनेत जास्तीचे पेट्रोल टाकीत परत जाते, त्यामुळे नळीत ते तापत पडून राहत नाही.

याला आता इथेनॉलची जोड मिळाली आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने देशभर आले. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट पुरते. म्हणजे १४.७ च्या बेताने जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रे, बसवलेल्या कार्बोरेटरला नव्या इंधनात मिश्रण पातळ पडते, आणि पातळ मिश्रणावर चालणारे इंजिन जास्त तापते. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळालेल्या वायूचा अंदाज घेतो आणि संगणक त्यानुसार फवारा वाढवतो. कार्बोरेटरला हे कळण्याची सोय नाही. शिवाय इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या फुगतात, पंपाचा पडदा कडक होऊन चिरतो. वऱ्हाडात जुनी गाडी रोज वापरणाऱ्याला इंजेक्शन हवेसे वाटते ते हौसेपोटी नव्हे, हे इथे लक्षात घ्यावे.

भारतात असा बदल सर्वांत मोठ्या प्रमाणावर कारखान्यांनीच केला. १९५७ च्या सुमारास मॉरिस ऑक्सफर्डच्या सांगाड्यावर सुरू झालेली अ‍ॅम्बेसिडर अनेक वर्षे १४८९ सीसीच्या ब्रिटिश घडणीच्या इंजिनावर चालली. १९९० नंतर हिंदुस्तान मोटर्सने तिच्यात जपानी इसुझूचे १८१७ सीसीचे, सुमारे ७५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पाच गिअरच्या पेटीसह बसवले. पुढे प्रदूषणाचे निकष कडक झाले तेव्हा त्याच इंजिनाला एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा इंजेक्टर असलेली प्रणाली जोडली गेली. २०१४ मध्ये उत्तरपाडा येथील कारखाना बंद पडेपर्यंत पन्नाशीच्या दशकातले शरीर आणि नव्या पिढीचे इंजिन अशी ही जोडी रस्त्यावर येत राहिली. काँटेसालाही आधी अ‍ॅम्बेसिडरचेच १५०० चे इंजिन होते. त्या अवजड गाडीला ते ओढवत नव्हते, आणि इसुझूचे १८०० आल्यावरच ती गाडी म्हणून उभी राहिली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या शरीरात निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन घालून ११८ एनई काढली. त्याच सुमारास मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने उलटा डाव मांडला : रोव्हरचे नवे, देखणे शरीर आणि पोटात जुन्या व्हॅनगार्डच्या घराण्यातले दोन लिटरचे इंजिन. स्टँडर्ड २००० नावाची ती गाडी फार काळ टिकाव धरू शकली नाही. शरीर जुने चालते, इंजिन जुने चालत नाही, असा निवाडा त्या दशकाने दिला.

जगात हे काम मुख्यतः अमेरिकेत वाढले. जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आणलेले एलएस मालिकेतले व्ही-८ इंजिन तिथे जुन्या गाड्यांत सर्रास बसते, कारण ते आटोपशीर आहे, मुबलक मिळते आणि त्याच्या वायरिंगचे तयार संच बाजारात आहेत. आपल्याकडे असे तयार संच जवळजवळ नाहीत. लेथ आणि वेल्डिंगवरच काम निभावते.

कोणते इंजिन घ्यावे, हा पहिला प्रश्न. जुन्या गाड्यांत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने असते आणि मागची चाके ओढतात. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत ते आडवे असते आणि पुढची चाके ओढतात. आडव्या इंजिनाला जुन्या गाडीत उभे करायचे तर गिअरपेटी, सेल्फची जागा, मॅनिफोल्डची दिशा, सगळेच बदलते. म्हणून उभ्या बसणाऱ्या, मागची चाके चालवणाऱ्या गाडीचे इंजिन शोधावे. मारुतीच्या घरात तशी काही आहेत : ओम्नीचे ७९६ सीसीचे, ईकोचे ११९६ सीसीचे आणि जिप्सी किंगचे १२९८ सीसीचे, ज्याला २००० च्या सुमारास १६ व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय मिळाले. पद्मिनीचे मूळ इंजिन १०८९ सीसीचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे. तिला ईकोचे इंजिन आकाराने जवळचे, पण ताकदीने तेही बरेच वरचढ. जिप्सीच्या इंजिनाची ८० अश्वशक्ती मूळच्या दुप्पट होते, आणि पद्मिनीच्या मागच्या धुरीने व चारही चाकांच्या ड्रम ब्रेकने ती सोसावी अशी अपेक्षा करणे धोक्याचे आहे. पातूरचा घाट जितका चढायचा तितकाच उतरायचाही असतो. ताकद वाढवायची तर आधी पुढे डिस्क ब्रेक आणि ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर, मग इंजिन. हा क्रम उलटा करू नये.

इंजिन घेताना नुसता ब्लॉक उचलून आणणे ही नेहमीची चूक. त्याबरोबर ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, पूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर, थ्रॉटल बॉडी, अ‍ॅक्सिलेटरचे पेडल, गिअरपेटी, आणि इमोबिलायझर असेल तर त्याच गाडीची किल्ली घ्यावी लागते. ईसीएम आणि किल्ली यांची ओळख पटली नाही तर सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, आणि मिस्त्री दिवसच्या दिवस पेट्रोलचा दाब तपासत राहतो. क्रँकचा सेन्सर हा या सगळ्यात कळीचा. क्रँक कुठल्या कोनात आहे हे त्याच्याकडून कळले नाही तर संगणक ना ठिणगी देतो ना फवारा. जुन्या इंजिनात हे काम डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, करत असे. पॉइंट घासून, फटीत पत्ती घालून ते रस्त्याच्या कडेलाही दुरुस्त होई. सेन्सर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. लांबच्या प्रवासात तो एक जास्तीचा जवळ ठेवावा.

बसवण्याच्या कामात गॅरेजवाले ज्याला ‘फाउंडेशन’ म्हणतात ते रबरी टेके पहिल्यांदा ठरतात, कारण बाकी सगळी मापे त्यावरून निघतात. इंजिन खाली घ्यावे तर तेलाची संप पुढच्या क्रॉसमेंबरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला लागते, वर घ्यावे तर बॉनेट मिटत नाही. मागे घ्यावे तर फायरवॉल कापावी लागते, आणि एकदा कापलेला पत्रा पुन्हा मूळचा होत नाही. मग प्रॉपेलर शाफ्ट नव्या मापाने कापून, क्रॉस बसवून बॅलन्स करून घ्यावा लागतो. तो वाकड्या कोनात किंवा बॅलन्सशिवाय बसवला तर विशिष्ट वेगाला सगळी गाडी थरथरते, आणि दोष इंजिनावर जातो.

खर्च आणि वेळ मात्र खरा खातात ते इंधन आणि वीज. जुनी टाकी आतून गंजलेली असते. कार्बोरेटर तो गंज पचवतो, इंजेक्टरची सूक्ष्म छिद्रे पचवत नाहीत. टाकी धुऊन आतून लेप द्यावा, नळ्या ३ बार दाब आणि इथेनॉल दोन्ही सोसणाऱ्या घ्याव्यात, आणि टाकीत पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी वाटी करावी. ती नसेल तर घाटातल्या वळणावर पेट्रोल एका बाजूला सरते, पंप हवा ओढतो, आणि ज्या आजारावर उपाय केला तोच पुन्हा दिसतो. विजेचे म्हणाल तर डायनामोवर इंजेक्शन चालत नाही. रिकाम्या फिरण्यात डायनामो जवळपास काहीच देत नाही, आणि ईसीएमला स्थिर व्होल्टेज हवे. अल्टरनेटर, जाड अर्थिंग आणि प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज हे अनिवार्य समजावे. जुन्या गाड्या जळतात त्या बहुधा वायरिंगने, आणि ३ बारच्या नळीतून गळलेले पेट्रोल थेंबाथेंबाने नव्हे, फवाऱ्याने बाहेर येते. पंपाचा रिले असा जोडावा की इंजिन थांबताच पंप थांबेल.

जीपची गोष्ट थोडी वेगळी. महिंद्राची विलिस घराण्यातली जीप मूळ २.२ लिटरच्या हरिकेन पेट्रोल इंजिनावर चाले. तिची तहान परवडेना तेव्हा देशभर त्या जीपांत डिझेल इंजिने बसू लागली. महिंद्रानेही पुढे फ्रान्सच्या प्यूजोकडून घेतलेले २.१ लिटरचे डिझेल इंजिन आपल्या जीपांत घातले. चेसिस शिडीसारखी मोकळी, बॉनेटखाली जागा भरपूर, म्हणून खेड्यातल्या गॅरेजलाही हे जमले. आता त्याच जीपांत बोलेरोची कॉमन रेल इंजिने टाकायची टूम आहे. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे, पण कॉमन रेलमधला दाब हजार बारच्याही वर जातो. तिथे हाताने जोडलेली नळी चालत नाही.

कायद्याची बाजू बऱ्याच जणांना काम झाल्यावर कळते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सीएनजी किंवा बॅटरीच्या संचाला मोकळीक आहे. मात्र तो संच पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून मंजूर केलेला हवा. घरी जुळवलेल्या एकट्या गाडीला तसा रस्ता नाही. पद्मिनीत मारुतीचे इंजिन याला आज कायद्याचा आधार सापडत नाही. अ‍ॅम्बेसिडरमध्ये इसुझू १८०० घालायचे असेल तर बनावट एकच असल्याने अर्ज करायला निदान जागा आहे, पण प्रकार वेगळा असल्यामुळे मंजुरी गृहीत धरू नये. पातूर तालुक्यातली वाहने एमएच ३० खाली अकोल्याच्या परिवहन कार्यालयात नोंदली जातात. विचारणा इंजिन उचलण्यापूर्वी तिथे करावी, कारण १५ वर्षांनंतरच्या पासिंगला आरसी बुकातला नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर समोरासमोर ठेवले जातात. नंबर जुळला नाही तर अपघातात विम्याचा दावाही अडतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली गाडी २०,००० रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेत दहा वर्षांसाठी नोंदवता येते. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चेसिस, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. प्रीमियर पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आले. म्हणजे तिच्या सुरुवातीच्या गाड्यांनी ही पन्नाशी ओलांडली आहे आणि दरवर्षी आणखी गाड्या ओलांडत आहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. अस्सल पद्मिनी यापुढे कमीच होणार. अशा वेळी तिचे इंजिन काढून टाकणे म्हणजे तिचा हा हक्क कायमचा घालवणे होय.

उन्हावरचा उपाय इंजिन न बदलताही बराचसा होतो, हे फारसे सांगितले जात नाही. एसी पंपाऐवजी टाकीजवळ कमी दाबाचा, ०.२–०.३ बारचा विजेचा पंप, कार्बोरेटरपासून टाकीपर्यंत परतीची बारीक नळी, मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये उष्णता अडवणारी अ‍ॅल्युमिनियमची पत्री, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व पडदे, आणि जेट एक आकडा मोठे. एवढ्याने पद्मिनी मे महिन्यातही मेडशीपर्यंत न थांबता जाऊ शकते. त्याहून पुढे जायचे तर मूळ ब्लॉक ठेवून कार्बोरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी इंजेक्शन लावता येते. काढलेला कार्बोरेटर जपून ठेवला तर परतीची वाट खुली राहते.

पन्नाशीला आलेल्या गाडीचे इंजिन बदलू नये, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. ज्यांनी आधीच बदलले आहे त्यांनी उतरवलेला ब्लॉक भंगारात देऊ नये. सिलिंडरमध्ये तेल सोडून, तोंडे बंद करून, नंबर दिसेल असा तो कोरड्या जागी ठेवावा. मूळ नोंदणीकडे परतायचे ठरले तर तोच नंबर लागेल.