गृहसंगणकाचे अद्ययावतीकरण आणि मराठी मजकुराचे जतन : नाशिकच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

घरातील संगणकावर नवी कार्यप्रणाली घ्यावी की जुनीच चालू ठेवावी, हा प्रश्न सामान्यतः खर्चाचा आणि यंत्राच्या क्षमतेचा मानला जातो. मराठीतून लेखन करणाऱ्या अध्यापकाच्या बाबतीत त्यास आणखी एक बाजू आहे. कार्यप्रणाली बदलल्यानंतर पूर्वीचे लेखन वाचता येईल काय, ही ती बाजू होय. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिक येथे आहे. दूरशिक्षणात वर्गातील व्याख्यानाची जागा प्रामुख्याने लिखित पाठ्यसामग्री घेते. त्यामुळे या शहरात मराठी मजकूर टिकणे हा केवळ भाषाभिमानाचा नव्हे, तर शैक्षणिक व्यवहाराचाही विषय आहे. प्रस्तुत लेखात गेल्या पंचवीस वर्षांतील अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

विंडोज ९८ आणि फाँटांचा काळ

१९९८ मध्ये आलेल्या विंडोज ९८ या प्रणालीत देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. ती उणीव श्रीलिपी, आकृती, कृतीदेव इत्यादी फाँटांनी भरून काढली. मराठी टंकलेखन घरोघरी पोहोचविण्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र त्यांची रचना तात्पुरत्या सोयीची होती. कृतीदेवमध्ये ‘क’ हे अक्षर रोमन ‘डी’च्या जागेवर बसविलेले होते. पडद्यावर ‘क’ दिसला, तरी संगणकाच्या स्मृतीत ‘डी’ हेच अक्षर साठविले जाई. अक्षरांना संकेतांक देणारे ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ पासून उपलब्ध होते. तथापि प्रत्येक फाँटनिर्मात्याची मांडणी निराळी राहिली. परिणामी एका घरातील फ्लॉपी दुसऱ्या घरात उघडली, की मराठी लेखाऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसत.

विंडोज एक्स्पी : लाभ आणि किंमत

युनिकोड मानकाने देवनागरीसाठी १२८ स्थाने राखून ठेवली आणि ‘क’ला २३२५ हा स्वतंत्र क्रमांक दिला. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय झाली. घरगुती ग्राहकांपर्यंत ती प्रामुख्याने ऑक्टोबर २००१ मधील विंडोज एक्स्पीमुळे पोहोचली. तेथेही भारतीय भाषांचा पर्याय स्वतंत्रपणे सुरू करावा लागे. मराठी शब्द शोधणे, वर्णानुक्रम लावणे आणि मजकूर जसाच्या तसा ई-मेलने पाठविणे यामुळे शक्य झाले.

या लाभास किंमतही होती. एक्स्पीसाठी १२८ एमबी स्मृतीची शिफारस होती. ३२ वा ६४ एमबीच्या यंत्रांना ती जड जाई. शिवाय एक्स्पीचा गाभा एनटी पद्धतीचा असल्याने विंडोज ९८ साठी लिहिलेले काही कळफलक-चालक आणि हार्डवेअर लॉक तेथे निरुपयोगी ठरले. म्हणून जुन्या प्रणालीस चिकटून राहणाऱ्यांना केवळ परिवर्तनविरोधी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या प्रश्नपत्रिका, टाचणे आणि प्रबंधांची प्रकरणे त्याच यंत्रात अडकलेली होती. परंतु जुलै २००६ मध्ये विंडोज ९८ चे सुरक्षा-साहाय्य थांबले आणि हा निर्णय फार काळ पुढे ढकलणे शक्य राहिले नाही.

रूपांतराची अडचण

फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणे म्हणजे केवळ अक्षरांची अदलाबदल नव्हे. ‘निधी’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी फाँटमध्ये ‘न’पूर्वी साठविली जाते, युनिकोडमध्ये ‘न’नंतर. ‘धर्म’मधील रफार फाँटमध्ये ‘म’नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘म’पूर्वी ‘र्’ म्हणून. रूपांतरकाने हा क्रम न सांभाळल्यास शुद्धलेखन बिघडते. मजकुरातील इंग्रजी शब्दांचेही चुकून देवनागरीत रूपांतर होते. त्यामुळे यंत्राने केलेले काम मूळ छापील प्रतीशी ताडून पाहणे अपरिहार्य ठरते.

आजचा प्रसंग

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती व टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक आहे; ज्या यंत्रांत ती नाही, त्यांच्यासाठी लिनक्सचा पर्याय आहे. मराठी लेखकाच्या दृष्टीने मात्र दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. विंडोज ११ ही केवळ ६४-बिट स्वरूपात असल्याने तीवर जुने १६-बिट कार्यक्रम थेट चालत नाहीत. ज्या संहिता अशा कार्यक्रमांतच उघडतात, त्यांचे रूपांतर जुना संगणक चालू असतानाच झाले पाहिजे.

निष्कर्ष

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० मधील. तेथील जुने छापील पुस्तक वाचण्यास डोळे आणि उजेड पुरेसा असतो. १९९९ मधील संगणकीय लेखास मात्र त्याच काळचा फाँट लागतो. यावरून असे म्हणता येईल की नवी प्रणाली स्वीकारावी, परंतु मजकूर युनिकोडमध्ये आणून, मूळ प्रतीशी ताडून आणि त्याची स्वतंत्र प्रत ठेवूनच. यंत्राचे आयुष्य काही वर्षांचे असते. अध्यापकाच्या लेखनाचे आयुष्य त्यास बांधून ठेवणे शहाणपणाचे नाही.